घसरलेला रफार

खैरनारभाऊ गेल्यावर त्यांचं दुकान रिकामं केलं तेव्हा आतून गोणीभर काडेपेट्या निघाल्या. पुतण्याला वाटलं, काका चोरून विड्या ओढत होते. त्याने एक पेटी उघडली. आत तीन स्क्रू होते आणि वर पेनाने लिहिलं होतं, "पवार, घोटी, प्रिंटर." दुसरीत एकच स्क्रू. "देवळाली कॅम्पच्या बाई, रेडिओ." मशीन बंद करताना जो स्क्रू उरला तो गिऱ्हाइकाचा, असा त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक पुन्हा आलं की ते काडेपेटी पुढे करायचे. कोणी घ्यायचं नाही. मग ती परत फळीवर जायची.

पुतण्या म्हणाला, भंगारवाल्याला देतो. मी म्हटलं दे.

मी समोरच बसते म्हणून हे पाहिलं. फुलबाजारात माझा ओटा आहे. नाशिकमधला कोणता बाजार ते लिहीत नाही, मला अजून तिथेच बसायचं आहे. ओटा माझ्या सासूचा. ती गेल्यावर माझ्या नावावर झाला. मखमलाबादला आमची थोडी जमीन आहे, तिच्यात झेंडू, शेवंती आणि गुलाब होतो. माझं शिक्षण चौथी. खैरनारभाऊंचं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि माझा ओटा यांच्यामध्ये टेम्पो जाईल एवढाच रस्ता होता. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. मैत्री होती असं म्हणणार नाही. ते कधी चहा पाजत नसत.

माणूस उंच आणि वाळका. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग असायचं. ते काढायला विसरायचे आणि तसेच भाजी घ्यायला जायचे. मूळचे सटाण्याकडचे. सातपूरला कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा हे दुकान टाकलं. बोलायचे पुस्तकासारखं, पण राग आला की अहिराणी सुरू व्हायची. रस्त्यापलीकडून 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू आलं की मी त्यांच्याकडे निघालेल्या गिऱ्हाइकाला सांगायची, अर्ध्या तासाने जा.

कॉम्प्युटरचा डबा उघडला की ते आधी धूळ बघायचे. धुळीवरून गाव सांगायचे. डब्यातून भाताचा कोंडा निघाला की घोटी. कांद्याची फोलपटं पंख्यात अडकली असली की लासलगाव. उदबत्तीची राख निघाली की म्हणायचे, हा देवघरात ठेवलेला दिसतो. माझा वजनकाटा एकदा बंद पडला, तो त्यांनी उघडला तर आत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. त्यांनी त्या कागदावर काढून मला दिल्या. मी म्हटलं, याचं काय करू? ते म्हणाले, "तुमच्या काट्यातून निघाल्यात. तुमच्या आहेत."

बदललेला जुना भागसुद्धा ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत द्यायचे. लोक तो बाहेर गटारात टाकायचे. संध्याकाळी खैरनारभाऊ तो उचलून आणायचे, पुसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा द्यायचे. एका माणसाला एकच जळका चार्जर त्यांनी चारदा दिला.

दुसरा नियम, फोन उघडायचा तर मालक समोर पाहिजे. स्टुलावर बसायचं आणि बघायचं. वर एका वहीत सही करायची, "माझ्या समोर उघडला." लोक हसायचे. फोनसाठी सही? ते म्हणायचे, डॉक्टर पोट उघडताना घेतो ती चालते ना.

एकदा एक चांगल्या घरचा दिसणारा माणूस आला. हातात बाईमाणसाचा फोन, मागे मोराचं कव्हर. म्हणाला, मिसेस कुलूप विसरली आहे, उघडून द्या. खैरनारभाऊंनी फोन हातातसुद्धा घेतला नाही.

"हाऊ फोन कोना शे?"

माणूस म्हणाला, माझ्या बायकोचा, म्हणजे माझाच, पैसे मी भरलेत. खैरनारभाऊ म्हणाले, "मग बायकोले लई ये."

माणूस बराच तापला. दुसरीकडे जाईन म्हणाला. जा म्हणाले. तो गेला आणि दुसरीकडून उघडून घेतलाच असेल. पुढे त्या बाईचं काय झालं मला माहीत नाही. खैरनारभाऊंनाही माहीत नव्हतं, पण त्या दिवशी जेवणाचा डबा त्यांनी न उघडता घरी नेला.

माझा फोन नातवाने दिला. देताना एवढंच शिकवलं की आजी, निळं दिसलं की दाबायचं. मी दाबत गेले. काही दिवसांनी फोन रताळ्यासारखा गरम व्हायला लागला, म्हणून समोर घेऊन गेले. खैरनारभाऊंनी तो माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाले, वाचा.

मी म्हटलं, तुम्ही वाचा, तुम्हाला येतं. ते म्हणाले, "चौथी पास आहात ना? मग वाचा. मला वेळ आहे."

मी बोट ठेवून वाचलं. फोनमध्ये बॅटरी पेटवायचं काहीतरी घातलेलं होतं. ते विचारत होतं की तुमच्या नावांची यादी बघू का, तुमचा आवाज ऐकू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. खाली निळं, परवानगी द्या. खैरनारभाऊ म्हणाले, उजेड पाडायला याला तुमच्या जावेचा नंबर कशाला लागतो? आमच्या मालकांकडे शेतावर जायची बॅटरी होती, तिने कधी काही विचारलं नव्हतं. मी ते काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, तुम्हीच काढा. एक तास गेला. गिऱ्हाइकं ओट्यावरून परत गेली.

जाताना वहीत सही केली. त्यांनी भिंग खाली ओढून पाहिलं.

"ताई, रफार घसरलाय."

माझं नाव पार्वता. मी लिहिते 'पावर्ता'. रफार 'व'वर पाहिजे, माझा 'ता'वर पडतो. शाळेतल्या बाईंनी पट्टी मारून पाहिली होती, तरी तो हलला नाही. मी म्हटलं, तो तिथेच बसतो.

त्यांनी वही मिटली.

खंडेनवमीला सगळे हत्यारांना हार घालतात. तो आमच्या धंद्याचा मोठा दिवस, मान वर करायला वेळ नसतो. खैरनारभाऊ सकाळी लवकर येऊन झेंडू निवडून न्यायचे, एकेक फूल बघून, मला राग येईपर्यंत. स्क्रूड्रायव्हरला फूल. तारा जोडायला डाग द्यायच्या इस्त्रीला फूल. जुन्या रेडिओला, प्रिंटरला, डब्यांना हार. पण ज्या मशीनचं पोट कंपनीने गोंदाने चिकटवलंय त्याला काही नाही. ज्याच्या आत आपला हात जात नाही त्याची पूजा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बॅटरी संपली की सगळा फोन टाका, हे त्यांना पटायचंच नाही. मलाही पटत नाही. मूठ तुटली म्हणून आम्ही विळा टाकत नाही.

एका वर्षी कॉम्प्युटरच्या नोकरीतली एक मुलगी त्यांच्याशी भांडली. तिचा लॅपटॉप पातळ, चकचकीत, फळीवर एकटाच बिनफुलाचा. म्हणाली, काका, याने काय पाप केलं? खैरनारभाऊ म्हणाले, त्याने नाही, शिवणाऱ्याने. पुढच्या वर्षी त्यांना तो उघडायची युक्ती सापडली. त्या मुलीला फोन करून बोलावलं आणि लॅपटॉपला एवढा हार घातला की तो दिसेना. माझ्याकडून घेतला होता. दुपदरी.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं नाही. ते स्वतः बटणाचा फोन वापरायचे आणि त्यापायी भाचीच्या साखरपुड्याला पोचले नाहीत, निरोप ग्रुपवर आला होता. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा मी ओट्यावर लावला तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, तुमची कमाई गल्लीला कशाला ऐकवायची? मी म्हटलं, लोक कालचा फोटो दाखवून हार नेतात, हा डबा ओरडला तरच खरं. या बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. डबा अजून आहे.

अंगठ्याच्या बाबतीत ऐकायला हवं होतं. तेही ऐकलं नाही.

आमच्या बाजाराच्या मंडळाने हजेरीचं मशीन आणलं. ओटेवाल्याने रोज सकाळी अंगठा लावायचा. महिन्यात ठरलेल्या हजेऱ्या भरल्या नाहीत तर ओटा दुसऱ्याला. आधी वही होती, तिच्यात दर महिन्याला सही व्हायची. बऱ्याच बायका अंगठा उठवायच्या, मी सही करायची. माझ्या आईने जन्मभर अंगठा दिला, सासूनेही. शाई बोटाला राहायची आणि भाकरीला लागायची. चौथीपर्यंत जाऊन मी शाळेतून एवढी एक सहीच आणली, तीही चुकीची.

नाव घालायच्या दिवशी माझा अंगठा मशीनला दिसेना. आतली बाई म्हणायची, कृपया पुन्हा प्रयत्न करा. जन्मभर दोरा ओढून आणि गुलाबाचे काटे काढून माझ्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत. दहाही बोटं लावली. कोणी म्हणालं लिंबू चोळ, कोणी म्हणालं खोबरेल लाव. मी दोन्ही केलं. मशीनवाल्या माणसाला पुढच्या बाजारात जायचं होतं. तो म्हणाला, घरातलं कोणी आहे का? माझी धाकटी जाऊ सुशीला माझ्याबरोबर हार ओवायला यायची. तिने अंगठा लावला. टिंग वाजलं. हिरवा दिवा लागला. माझ्या नावापुढे तिचा अंगठा बसला आणि मी घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी खैरनारभाऊंना सांगितलं तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही तुमच्या दाराला दुसऱ्याच्या घरचं कुलूप लावलंत."

"ती माझी जाऊ आहे."

"म्हणूनच म्हणतो."

मग बरंच बोलले. किल्ली हरवली तर नवी करता येते, अंगठा एकदा गेला की दुसरा कुठून आणणार. म्हणाले, तुमच्या सासूला लिहिता येत नव्हतं म्हणून तिचा अंगठा घेत होते. आता लिहिता येणाऱ्यांचाही घेतात. मग शाळा कशाला काढल्या? मंडळाकडे अर्ज करा, मला सहीची वही ठेवा म्हणून, मी लिहून देतो. मी म्हटलं, लग्नसराई आहे, मला वेळ नाही.

वर्षभर सुशीला अंगठा लावत होती आणि मी विकत होते. पुढच्या लग्नसराईत एक दिवस मी आले तर ती माझ्या ओट्यावर, माझ्या जागेवर बसलेली. हार टांगून तयार. माझी टोपली खाली ठेवलेली. म्हणाली, "जाऊबाई, मंडळात विचारा."

मंडळात सेक्रेटरीने कागद काढला. मी वयामुळे ओटा राजीखुशीने सुशीलाच्या नावावर करते, असा अर्ज. खाली माझी सही, आणि अंगठा जुळल्याची मशीनची चिठ्ठी जोडलेली. मी म्हटलं, मी असा अर्ज दिलाच नाही. सेक्रेटरी म्हणाला, मावशी, मी तुम्हाला ओळखतो, माझ्या लग्नाचा हार तुमच्याकडचा. पण सिस्टीममध्ये पार्वता म्हणजे हा अंगठा. आणि त्याने माझ्यामागोमाग आलेल्या सुशीलाच्या हाताकडे बोट केलं. सुशीलाने हात पदराखाली घेतला.

ओटा गेला असता तर मी उपाशी मेले नसते. मुलगा आहे, सून आहे. सकाळी उठून सुनेला विचारावं लागलं असतं की आज कोणती भाजी निवडू. मला ते जमलं नसतं.

मी ओट्यासमोर रस्त्यातच टोपली घेऊन बसले. खैरनारभाऊंनी पलीकडून पाहिलं. त्यांनी भर दुपारी शटर ओढलं. एकोणीस वर्षांत दुपारचं ते त्यांनी तेवढं एकदाच ओढलं असेल. कपाळावर भिंग तसंच. मला म्हणाले, चला.

मंडळात जाऊन त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. जुन्या वह्या कुठे आहेत ते विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, माळ्यावर, पण आता त्यांचा उपयोग नाही, सगळं मशीनमध्ये आहे. खैरनारभाऊ स्वतः स्टुलावर चढले आणि वह्या खाली टाकल्या. धूळ उडाली. त्यांनी बोटावर घेऊन पाहिली. सवय.

मग एकेक वही उघडून ते माझी सही मोठ्याने वाचायला लागले. जशी लिहिली तशी.

"पावर्ता. पावर्ता. पावर्ता."

एका वर्षाच्या बारा सह्या, मग दुसऱ्या वर्षाच्या. बाहेर ओटेवाल्या बायका जमल्या, सुशीलाही आली. मला लाज वाटत होती. पाचवी वही झाल्यावर त्यांनी अर्ज उचलला.

"पार्वता," वाचलं. आणि कपाळावरचं भिंग काढून सेक्रेटरीला दिलं. "आते हाई वाच."

सेक्रेटरीने वाचलं. बराच वेळ वाचलं. खैरनारभाऊंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मी सही केली. रफार 'ता'वर.

सेक्रेटरी म्हणाला, म्हणजे शुद्ध लिहिलंय म्हणून अर्ज खोटा?

"हो."

सुशीला सातवी शिकलेली आहे. ती म्हणाली, "मला काय माहीत तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाय."

मग सुशीलालाच कळलं आपण काय बोललो ते, आणि ती रडायला लागली. मला ओटा त्याच दिवशी परत मिळाला.

खैरनारभाऊंचं तेवढ्यावर भागलं नाही. ते म्हणाले, तो अंगठा मशीनमधून पुसा. सेक्रेटरी म्हणाला, पुसायला कंपनीचा माणूस लागतो, पासवर्ड त्याच्याकडे. खैरनारभाऊ म्हणाले, ओटा बाईचा, बाजार तुमचा आणि किल्ली तिसऱ्याची. अंगठा तसाच राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून मशीनशेजारी एक वही आली, "अंगठा न उठणाऱ्यांसाठी." पहिले काही दिवस तिच्यात मी एकटीच होते. मग बायका एकेक करून म्हणायला लागल्या की आमचाही अंगठा उठत नाही. ज्यांचा चांगला उठायचा त्यासुद्धा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यातल्या दोघी नाव काढायला शिकल्या. आता मशीनपुढे रांग नसते.

त्या खंडेनवमीला मंडळातल्या कोणीतरी मशीनला माझ्याकडचाच हार घातला. खैरनारभाऊ रस्ता ओलांडून गेले, हार काढला आणि वहीवर ठेवला. कोणी अडवलं नाही.

सुशीला अजून माझ्याकडे हार ओवते. तिच्याइतका सरळ हार दुसरं कोणी ओवत नाही.

गेल्या पौषात खैरनारभाऊ दुकानातच पडले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, पुतण्या काय तो एक. मी पाहायला गेले तेव्हा तो खाली औषधं आणायला गेला होता. हॉस्पिटलमधली एक मुलगी कागद घेऊन आली. पोटात नळी घालायची होती, त्याची परवानगी. पेशंट शुद्धीवर आहे म्हणून त्याचीच पाहिजे. तिने शाईचा डबा उघडला आणि म्हणाली, आजोबा, अंगठा द्या, लगेच होईल.

खैरनारभाऊंचा डावा हात तेवढा हलत होता. त्यांनी त्याची मूठ केली. अंगठा आत.

मुलगी मला म्हणाली, आजी, तुम्ही सांगा ना. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मूठ न सोडता कागदावर आपटली. दोनदा. मला आधी कळलं नाही. मग कळलं.

मी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. दोन पानं होती, शब्द जड. बोट ठेवून वाचत गेले. मुलगी दोनदा जाऊन आली. पुतण्या आला आणि म्हणाला, काकू, कशाला, डॉक्टर सांगतात ते बरोबरच असतं. मी म्हटलं, बस. त्यांनी डोळे मिटले नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. मग मूठ सोडली आणि हात पुढे केला. मी त्यात पेन दिलं आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.

सर्जेराव. त्यांचं नाव सर्जेराव. डाव्या हाताने पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं आली, एक मोठं, एक लहान. 'स' ओळीच्या खाली गेला. रफार शेवटी दिला, तो 'जे' सोडून 'रा'वर पडला.

मुलगी कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, आजी, याला सही म्हणायचं का?

"म्हणायचं," मी म्हटलं. "रफार घसरलाय फक्त. तो तिथेच बसतो."

खैरनारभाऊंच्या तोंडाची डावी बाजू हलली. उजवी हलत नव्हती, त्यामुळे ते हसले की नाही ते मला सांगता येणार नाही. शाईचा डबा उघडाच होता. मी तो बंद करून तिला परत दिला.